दुसऱ्याचा होकार

"घाई करू नकोस, काम आटपून ये," असं थोरल्यानं फोनवर सांगितलं. थोरला घाई करू नकोस म्हणाला की पळत सुटायचं असतं, हे मधलीला लहानपणापासून ठाऊक होतं. कारखान्यातल्या कापणीच्या टेबलावर निळ्या कापडाचा थर अर्धा कापून झाला होता. तो तसाच सोडून तिनं मशीन बंद केलं, हातातला लोखंडी जाळीचा हातमोजा शेजारणीच्या हातात दिला आणि अंगावरचे धागेसुद्धा न झटकता ती निघाली. हॉस्पिटलच्या लिफ्टच्या आरशात पाहिलं तेव्हा केसांत एक निळी कतरण अडकलेली दिसली. ती काढायच्या आधीच मजला आला.

वॉर्डाबाहेरच्या खुर्च्या एकाच दांड्याला जोडलेल्या होत्या. एका टोकाला आई, तिच्याशेजारी वहिनी, मग थोरला. मग एक रिकामी खुर्ची आणि त्यापलीकडे धाकटा, परगावाहून आलेला, बॅग अजून मांडीवरच. त्या रिकाम्या खुर्चीवरून मधलीनं ओळखलं की भांडण होऊन गेलंय.

"ये ताई, बस," धाकटा म्हणाला. "तुझी जागा राखून ठेवलीय. दोन्हीकडून ऐकायला."

"अण्णा कसे आहेत?"

आईनं पदर तोंडाला लावला. वहिनीनं थोरल्याकडं पाहिलं आणि थोरल्यानं जमिनीकडं.

"पाय जाणार म्हणतायत," शेवटी धाकटाच म्हणाला. "डावा."

मधली त्या रिकाम्या खुर्चीवर बसली.

असं कसं होईल, हेच तिला कळेना. अण्णांच्या त्या पायावर इलाज होऊन गेला होता. मांडीतली रक्तवाहिनी तुंबली होती, चार पावलं चाललं की पोटरीत गोळा यायचा. जांघेतून बारीक तार घालून, आत फुगा फुगवून डॉक्टरबाईंनी वाट मोकळी केली होती आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून आतून जाळी बसवली होती. ना चिरा, ना टाका. त्याच संध्याकाळी अण्णा उशीला टेकून चहा प्याले आणि म्हणाले, "शिवण न उसवता अस्तर बदललं की बाईंनी! मला आयुष्यात जमलं नाही." सगळं घर हसलं होतं. ज्याच्यात रक्त दिसलं नाही ते आजारपण कसलं, असं प्रत्येकानं मनात धरलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. डॉक्टरबाईंनी मात्र निघताना बजावलं होतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या रोज घ्यायच्या, एकही दिवस चुकवायची नाही. जाळी नवी आहे, रक्त तिच्यावर गोठायला बघतं.

"गोळ्या चालू होत्या ना?" मधलीनं विचारलं.

धाकटा हसला. बरं हसणं नव्हतं ते. "हेच विचार. दादाला विचार, कसल्या चालू होत्या."

"माझ्याकडं कशाला बोट दाखवतोस?" थोरला उसळला. "मी बंद करा म्हणालो नाही. मी एवढंच म्हणालो की डाग पडतायत."

"कसले डाग?"

मग ते सगळं बाहेर आलं, तिघांच्या तोंडून, तुकड्या-तुकड्यानं. शिंप्याच्या बोटाला सुई टोचते, त्याचं कोणी काही मनावर घेत नाही. अण्णा बोट तोंडात घालायचे आणि पुढचा टाका घ्यायचे. पण गोळ्या सुरू झाल्यापासून तेवढ्याशा टोचण्यातून रक्त थांबेना. अण्णांच्या शिलाईच्या दुकानात तेव्हा एका मोठ्या हॉटेलच्या वाढप्यांचे पांढरे कोट शिवायला आले होते. कॉलर हातानं शिवायची, आणि हातशिलाई अण्णांशिवाय दुसऱ्या कोणाला जमायची नाही. कॉलरीवर लाल ठिपके पडायला लागले. दोन कोट परत आले. थोरला म्हणाला, डाग पडतायत. अण्णांनी त्यावर आपल्या डोक्यानं तोड काढली. कामाच्या दिवशी गोळी नाही, सुटीच्या दिवशी दोन्ही.

"आणि तुला हे माहीत होतं?" मधलीनं थोरल्याला विचारलं.

"डाग पडायचे थांबले एवढं मला माहीत होतं."

"का थांबले, असं मनात नाही आलं?"

"त्यांना का टाकून बोलता?" वहिनी मध्ये पडली. एरवी नणंदेच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी, पण नवऱ्यावर कोणी आलं की तिला कंठ फुटायचा. "डाग मी धूत होते, रोज गार पाण्यानं. माझ्या हातांची सालं गेली. अण्णांना दुकानात बसवू नका, हे मी म्हणाले होते. विचारा आईंना. आणि पाय गार पडला तेव्हा डॉक्टरकडं चला असंही मीच म्हणाले होते."

"पाय गार कधी पडला?"

आता आईची पाळी आली. तिनं पदर खाली घेतला. "आठवडा होत आला असेल. संध्याकाळी म्हणाले, पायाला मुंग्या येतायत. मी पाहिलं तर गार लागला. थंडीत त्यांचे पाय गारच पडतात गं. मी गरम पाण्याची पिशवी दिली. म्हणाले, बरं वाटतंय. दुसऱ्या दिवशी तोच पाय पांढरा दिसला. म्हणाले, पोरांना सांगू नको, उगाच हॉस्पिटलात नेतील, कोट राहिलेत. मी परत पिशवी दिली." तिनं तळवे एकमेकांवर चोळले. "मला वाटलं शेकल्यानं रक्त फिरेल."

"आई, तुला कोणी काही म्हणत नाहीये," धाकटा म्हणाला.

"मला म्हणा ना! मलाच म्हणा. त्या पोराला सगळे मिळून धरताय."

झालं. आतापर्यंत थोरला आणि वहिनी एकीकडं आणि बाकीचे एकीकडं होते. आता आई थोरल्याकडून, वहिनी आईच्या विरुद्ध पण थोरल्याकडून, आणि धाकटा एकटा, असा नवा मेळ जमला. या घरात बाजू बदलायला पाणी पिण्याइतकाही वेळ लागत नसे. एरवी मधली आणि धाकटा एका पारड्यात असत. आज मात्र तिला धाकट्याचाही राग आला.

"तू काय न्यायाधीश होऊन बसलायस?" ती त्याला म्हणाली. "वर्षाकाठी एकदा येतोस. अण्णांना फोनवर काय विचारतोस? जेवलात का. बस."

"आणि तू? तू तर याच गावात आहेस, कात्रीबाई."

हे त्यानं लहानपणीच ठेवलेलं नाव. एरवी ती हसली असती.

"मला कोणी सांगितलं? पाय गार पडला, पांढरा पडला, काल हॉस्पिटलात आणलं, आणि मला आज का कळतंय?"

"तू दुकानात येत नाहीस," थोरला हळूच म्हणाला.

"बोलावलं का कोणी?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली, वहिनी पिशवीत काहीतरी शोधू लागली. दुकानाची गोष्ट निघाली की या घरात असंच व्हायचं. मधली कापणी शिकली होती. अण्णांच्या हाताखाली, त्याच लांब टेबलावर, खडूच्या भुकटीत. थोरल्याची शिलाई चांगली, पण कात्री धरली की त्याचा हात अडायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, मास्तर, तुमच्या मागं ही पोरगी दुकान चालवणार. आणि एक दिवस अण्णांनी काहीही न बोलता दुकानाच्या किल्ल्या थोरल्याच्या पुढ्यात ठेवल्या. मधली तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोटाच्या बाह्या कापत होती. तिनं त्या कापून पूर्ण केल्या, घडी घातली, आणि पुढच्या महिन्यात कारखान्यात लागली. घरी यायची, जेवायची, हसायची. दुकानाची पायरी ती नंतर चढली नाही. कारणही तिनं विचारलं नाही, आणि अण्णांनीही सांगितलं नाही.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा सगळे एकदम उठले. वयानं मधलीएवढ्याच असतील. त्या उभ्यानंच बोलल्या, पण घाईनं नाही.

"जाळीत गुठळी झाली होती. काल आम्ही पुन्हा जांघेतून नळी घातली, गुठळी विरघळवायचं औषध सोडलं. जाळी उघडली. पण गुठळीचे तुकडे सुटून खाली पावलातल्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसले. तिथपर्यंत आमची तार पोचत नाही. सकाळी जाळीही परत बंद पडली."

"मग बायपास करा," धाकटा म्हणाला. रात्रभर गाडीत बसून त्यानं मोबाइलवर बरंच वाचून काढलं होतं. "दुसरी नस घेऊन वरून खाली जोडायची."

"तेच करायचं होतं. पण जोडायला खाली एखादी उघडी नळी लागते. तशी एकही राहिलेली नाही." त्या थांबल्या. "पावलाला संवेदना नाही. बोटं हलत नाहीत. पोटरी घट्ट व्हायला लागलीय. मेलेल्या स्नायूंतलं विष रक्तात चाललंय, मूत्रपिंडांवर ताण दिसतोय. आज केलं तर गुडघा वाचेल. गुडघा राहिला की नकली पाय लावून माणूस चालतो. उद्यावर गेलं तर मांडीतून काढावा लागेल. आणि त्याहून उशीर झाला तर मी जिवाची खात्री देत नाही."

"गोळ्या चुकल्या म्हणून झालं का?" वहिनीनं विचारलं. तिनं विचारलं, पण ऐकायला थोरला थांबला होता.

डॉक्टरबाईंनी सगळ्यांकडं एकेकदा पाहिलं. "गोळ्या घेऊनही जाळी कधी कधी बंद पडते. सोडल्या तर शक्यता फार वाढते. यांच्या बाबतीत नक्की कशानं झालं, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकणार."

यापेक्षा त्यांनी हो म्हटलं असतं तर थोरल्याला सोपं गेलं असतं. नाही म्हटलं असतं तर आणखीच सोपं.

"आणि शेकल्यानं?" आईनं विचारलं.

"पायाला रक्त कमी पडत असलं की शेकायचं नसतं, आजी. पण पाय शेकला म्हणून तो गेलेला नाही." आणि मग लगेच, आईला रडायला वेळ न देता त्या म्हणाल्या, "एक अडचण आहे. ते सही करत नाहीयेत. सगळं समजलंय त्यांना. नाही असंही म्हणत नाहीत. म्हणतात, घरातल्यांना आत पाठवा."

आत खाटेवर अण्णांच्या पायांवर तारेची कमान ठेवून त्यावर चादर टाकली होती, चादरीचा भार पायाला लागू नये म्हणून. अण्णा बारीक झाले होते. गाल आत गेले होते, पण नजर तीच, माप घेणारी. त्यांनी एकेकाला आत येताना पाहिलं. मधलीवर नजर आली तेव्हा ती तिच्या केसांवर थांबली.

"कतरण आहे," ते म्हणाले. "कारखान्यात टोप्या नाही का देत?"

"देतात. मी घालत नाही."

"घालत जा." मग त्यांनी चादरीची कड चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. "ही दुमड बघा. वाकडी. एवढं मोठं हॉस्पिटल, आणि सरळ दुमड नाही."

कोणी हसलं नाही. आई पुढं होऊन त्यांच्या हाताशी बसली.

"अण्णा, डॉक्टर म्हणतायत ते ऐका," धाकटा म्हणाला. "किंवा नका ऐकू. म्हणजे, आपण अजून एकांचं मत घेऊ."

"ऐकलंय मी. मान्य आहे मला," अण्णा म्हणाले. "पण मी एकट्याच्या शब्दावर कात्री लावू देत नाही. तुम्हाला माहीत आहे."

माहीत सगळ्यांनाच होतं. डॉक्टरबाईंना तेवढं नव्हतं, म्हणून अण्णांनी त्यांना सांगितलं, धाप लागत, थांबत थांबत. दुकानात भारी कापड आलं, गिऱ्हाइकाचं एकुलतं एक, पुन्हा न मिळणारं, की अण्णा माप घ्यायचे, खडूनं रेघ मारायचे, कात्री उघडायचे आणि थांबायचे. "लावू?" असं मोठ्यानं विचारायचे. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी टेप घेऊन माप पुन्हा घ्यायचं आणि "लावा" म्हणायचं. मगच कात्री चालायची. कापड बिघडलं तर बिघाड दोघांचा. "लावा" म्हटलेल्यानं नंतर हात झटकायचे नाहीत.

"सही मी करतो, बाई. पाय माझा आहे," अण्णा म्हणाले. "पण यांच्यापैकी कोणीतरी बघून सांगू दे. मला एकट्याला नाही हो जमत."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज इतका खाली गेला की आईनं त्यांचा हात आपल्या छातीशी धरला. अण्णा घाबरलेत, हे मधलीला तेव्हा कळलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना घाबरलेलं पाहिलं.

डॉक्टरबाईंनी कमान बाजूला केली, चादर उचलली. पाऊल जांभळं-काळं पडलं होतं, बोटांची टोकं सुकल्यासारखी. टाचेवर पिशवीच्या चटक्याचा फोड आला होता आणि अण्णांना त्याचा पत्ताही नव्हता. आईनं तो पाहिला आणि तोंड फिरवलं. गुडघ्याच्या खाली डॉक्टरबाईंनी पेनानं एक रेघ आखली.

"खडू नाही का तुमच्याकडं?" अण्णा म्हणाले.

"आमच्याकडं पेनच असतं, मास्तर."

"बरं." त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं. "लावू?"

आईनं आधीच मान हलवली. "मला विचारू नका. तुम्ही काहीही मागा, हे नका मागू. मी नाही म्हणायची."

अण्णांनी तिच्या हातावर थोपटलं आणि धाकट्याकडं पाहिलं. धाकट्यानं मोबाइल खिशातून काढला, परत ठेवला. "अण्णा, माझा एक मित्र आहे, त्याचे काका याच विषयातले. एकदा फोटो पाठवून बघू. दोन तास द्या मला." डॉक्टरबाई म्हणाल्या, पाठवा, पण तयारी मी थांबवणार नाही. धाकटा फोटो काढायला पुढं झाला, आणि पाऊल पडद्यावर दिसलं तसा त्याचा हात खाली आला. त्यानं फोटो काढला नाही. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि लहान मुलासारखं नाक ओढू लागला.

वहिनीनं, तिला कोणी विचारण्याआधीच, दोन्ही हात जोडले.

मग अण्णांनी थोरल्याकडं पाहिलं. ते पाहणं संपेचना.

थोरला खाटेच्या पायथ्याशी उभा होता, गज दोन्ही हातांनी धरून. बोटांची पेरं पांढरी पडली होती. "तुम्ही म्हणाल तसं, अण्णा," तो म्हणाला. "तुम्ही जे ठरवाल ते."

"मी ठरवलंय रे. तू बघून सांग."

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच..." त्यानं गज सोडला आणि तो खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. त्याच्या एका वाक्यानं हे सगळं सुरू झालं, अशी त्याची खात्री झाली होती. आता दुसरं वाक्य बोलायची त्याच्यात ताकद नव्हती.

मधलीला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. ती खाटेजवळ गेली. तिनं आपला तळवा अण्णांच्या पावलावर ठेवला. ते गार होतं, आणि ते माणसाचं गार नव्हतं. ती हात हळूहळू वर सरकवत गेली.

"इथं कळतंय?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

"इथं?"

"दुखतंय गं."

तिथून वर अण्णा गरम होते. तिथून वर ते तिचे वडील होते. रेघ आणखी वर होती.

"रेघ इथं का?" तिनं डॉक्टरबाईंना विचारलं. "इथं गरम लागतंय की. एवढा चांगला भाग का घेता?"

"अगदी कडेला घेतलं तर जखम भरत नाही. कातडी पुढं ओढून शिवावी लागते, आणि त्या कातडीला रक्त हवं. नाहीतर पुन्हा कापावं लागतं."

"शिवायला माया ठेवावी लागते."

"हो. तसंच."

मधलीनं आणखी एकदा हात फिरवला. गुडघ्याची वाटी तळव्यात धरली. लहानपणी याच गुडघ्यावर बसून ती काजं करायला शिकली होती. तिला वाटलं, आपण नाही म्हणावं, सगळ्यांसारखं आपणही नाही म्हणावं, मग बघू काय होतं. काय होणार ते तिला ठाऊक होतं.

"लावू?" अण्णांनी विचारलं. यावेळी ते फक्त तिला विचारत होते.

"लावा, अण्णा."

आईच्या तोंडून एक आवाज निघाला. खिडकीशी उभ्या असलेल्या थोरल्यानं कपाळ काचेला टेकवलं. अण्णांनी डोळे मिटले, उघडले आणि सहीसाठी हात पुढं केला. सही नेहमीसारखी आली, खालच्या दोन ठिपक्यांसकट.

न्यायला माणसं येईपर्यंत थोडा वेळ होता. नर्स म्हणाली, आता सगळ्यांनी बाहेर थांबा. आईला दोघा-तिघांनी धरून नेलं. अण्णांनी मधलीचं मनगट सोडलं नाही, म्हणून ती राहिली.

"तू म्हणशील हे मला माहीत होतं," ते म्हणाले.

"मग सगळ्यांना कशाला विचारत बसलात?"

"वाटलं, एकदा तरी तो म्हणेल." ते खिडकीकडं बघत होते, जिथं आता कोणी नव्हतं. "त्याच्यावर खापर फोडू नका. गोळ्या मी सोडल्या. त्याला खरंच कळलं नसेल."

"कोणी नाही फोडत."

"फोडताय. इथं ऐकू येतं." त्यांनी श्वास घेतला. "दुकान त्याला का दिलं, हे तू कधी विचारलं नाहीस."

इतक्या वर्षांत मधलीनं या प्रश्नाची किती उत्तरं स्वतःशी तयार केली होती. आपण मुलगी म्हणून. वहिनीनं कान भरले म्हणून. कधीतरी एखादी बाही आखूड कापली गेली म्हणून. "तुम्ही सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"त्या चार भिंतींबाहेर तो कुठं उभा राहिला असता? त्याला कोणी ठेवून घेतलं नसतं गं. तू कुठंही उभी राहिली असतीस. राहिलीस."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ते कारखान्यातल्या पात्याइतकं सरळ आत गेलं.

"म्हणजे मला जमत होतं म्हणून मला दिलं नाहीत?"

"हो."

"मला हवं होतं, अण्णा." तिचा आवाज एकदम चढला आणि नर्सनं वळून पाहिलं. "कारखान्यात एका वेळी ढीगभर कापड कापते मी. एकाचंही माप मी घेतलेलं नसतं. कोणाच्या अंगावर जाणार, माहीत नसतं. मला ते टेबल हवं होतं. तुम्ही हवे होतात समोर."

"माहीत होतं."

"तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मग तेव्हा कोणाला विचारलं होतंत?" मधली रडत होती आणि रडतच तिनं विचारलं, कारण पुन्हा विचारायला मिळेल की नाही, याचा भरवसा नव्हता. "तेव्हा कोण म्हणालं होतं 'लावा'?"

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी कानशिलाकडं गेलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण पुसायला तिचं मनगट सोडावं लागलं असतं.

"कोणीच नाही," ते म्हणाले. "तेवढी कात्री एकट्यानंच लावली. एकदाच."

माणसं आली. त्यांनी खाटेचे अडसर काढले, सलाइनची बाटली खांबावरून उतरवून अण्णांच्या छातीवर ठेवली. दारापर्यंत मधली खाटेबरोबर गेली. पुढं तिला जाऊ दिलं नाही, आणि मनगट सुटलं. मनगटावर त्यांच्या बोटांच्या खुणा उमटल्या होत्या. ती बोटं अजून गरम होती, हे तिनं लक्षात ठेवलं.

बाहेर आई वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. धाकटा कोपऱ्यात कोणाला तरी फोनवर काही नको म्हणून सांगत होता. थोरला तेवढा उभा होता. मधली बाहेर आली तसा तो पुढं झाला. त्याचे डोळे सुजले होते.

"मला म्हणता नाही आलं गं," तो म्हणाला.

"असू दे."

"अण्णा काय बोलत होते तुझ्याशी? इतका वेळ?" आणि मग, विचारायची भीती वाटत असूनही, "माझ्याबद्दल काही?"

मधलीनं त्याच्याकडं पाहिलं. हा तिच्याहून मोठा भाऊ. शाळेत जाताना रस्ता ओलांडायचा तर यानं तिचा हात धरायचा असं ठरलेलं होतं, आणि धरायची तीच.

"हो," ती म्हणाली. "म्हणाले, दुकान थोरल्याच्या हातात आहे, त्यामुळं मला घोर नाही."

"असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

थोरला मटकन खुर्चीवर बसला आणि हातांच्या ओंजळीत तोंड घालून रडायला लागला, मोठ्यानं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता. मधली त्याच्याशेजारी बसली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत काढला नाही. आपलं आपण नंतर बघू, असं तिनं ठरवलं.